आमची वाटचाल : एका 'डी'चं वजन

आमच्या जुन्या अमेरिकी सोन्याच्या नाण्यांच्या दुकानात पहिल्यांदा पाऊल ठेवणारा प्रत्येक जण विचारतो, "यात सोनं किती?" प्रश्न रास्त आहे. वीस डॉलरचा डबल ईगल ३३.४३६ ग्रॅम, दहाचा ईगल १६.७१८, पाचाचा हाफ ईगल ८.३५९ आणि अडीचाचा क्वार्टर ईगल ४.१८. टंच ९००. आपल्या गिन्नीशी तुलना करायची तर हाफ ईगल वजनाला किंचित जड, टंचाला हलका. पण मोडीच्या भावावरच पोट भरायचं असतं तर न्यू जर्सीत येण्याचं कारण नव्हतं, सांगलीच्या सराफ कट्ट्यावर घरची गादी होतीच. आमचं दुकान चालतं ते नाण्याच्या मागच्या बाजूला, गरुडाच्या खाली असलेल्या एका अक्षरावर. आणि एकदा बुडत होतं तेही त्याच अक्षरापायी.

हे अक्षर नाणं कुठल्या टांकसाळीचं ते सांगतं. फिलाडेल्फियाच्या नाण्यावर अक्षर नसतं. 'सी' म्हणजे शार्लट, 'डी' डालोनेगा, 'ओ' न्यू ऑर्लीन्स, 'एस' सॅन फ्रान्सिस्को, 'सीसी' कार्सन सिटी. (१९०६ पासूनचा 'डी' डेन्व्हरचा. तो दाखवून डालोनेगाचा भाव मागणारे अजून येतात.) डालोनेगा हे जॉर्जियाच्या डोंगरातलं गाव. १८२९च्या सुमारास त्या भागात सोनं सापडलं, १८३८ला टांकसाळ सुरू झाली आणि १८६१ला यादवी युद्धात बंद पडली ती कायमची. इमारत १८७८ला जळाली, त्याच जोत्यावर आज कॉलेजची इमारत उभी आहे. तिथे सोन्याशिवाय दुसरं काही पाडलंच नाही. ठसे फिलाडेल्फियाहून तयार होऊन यायचे, पण दाब कमी पडायचा. म्हणून डालोनेगाचं नाणं बहुतेकदा मधोमध बोथट दिसतं, आणि रंगाला फिलाडेल्फियाच्या तांबूस सोन्यापेक्षा हिरवट पिवळं, कारण तिकडच्या सोन्यात चांदीचा अंश मूळचाच. हे दोन्ही पुढे लागणार आहे, लक्षात ठेवा.

आमची सुरुवात १९९८ची, नाण्यांच्या प्रदर्शनातल्या अर्ध्या टेबलावर. टेबलाचा दुसरा अर्धा भाग डॉक्टरांचा. डॉक्टर म्हणजे निवृत्त दंतवैद्य. आयुष्यभर लोकांच्या तोंडात सोनं बसवलेलं, त्यामुळे डाग दिल्यावर, म्हणजे झाळल्यावर, सोनं कसं दिसतं हे त्यांना पुस्तकात बघावं लागत नसे. एकोणिसाव्या शतकातली निम्मी छोटी नाणी कधी ना कधी साखळीत, ब्रोचमध्ये किंवा कफलिंकमध्ये अडकलेली असतात. कडी काढून घासून विकायला आलेलं नाणं डॉक्टर आधी कडेवर फिरवायचे. बाराच्या काट्याच्या जागी कडेचे दाते सपाट झालेत का, तिथला रंग फिकट आहे का (डागात चांदी असते), आणि आतल्या बाजूला काठालगतचे दात लोण्यासारखे वितळल्यागत दिसतात का. तीन प्रश्न, दहा सेकंद. त्यांनी नाकारलेलं नाणं पुन्हा कुणी आम्हाला खपवू शकलं नाही.

हत्यारांबद्दल नवीन मुलं फार खर्च करतात, म्हणून जरा सविस्तर. सात पटींचं भिंग पुरतं. वीस पटींच्या भिंगात नाण्याचा एक कोपराच दिसतो आणि प्रत्येक ओरखडा दरीसारखा वाटतो. प्रकाश महत्त्वाचा. प्रदर्शनाच्या हॉलमधल्या ट्यूबलाइटखाली घासलेलं नाणंही लखलखतं. घरी पिवळ्या बल्बचा एकच दिवा, बाजूला काळं मखमली कापड, नाणं कडेला धरून हळूहळू कलतं करायचं. अस्सल, न हाताळलेल्या नाण्यावर प्रकाशाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो. घासलेल्यावर तो जागच्या जागी चमकतो, फिरत नाही.

मग काटा आणि पाण्यातलं वजन. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून शून्य करा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा भिंतीला टेकू देऊ नका. काटा जे ग्रॅम दाखवतो ते नाण्याचं आकारमान. हवेतलं वजन त्याने भागा, ९०० टंचाला उत्तर १७.२च्या आसपास यायला हवं. डबल ईगलला काटा १.९४ दाखवतो, तिथे दोन दशांश स्थळं चालतात. क्वार्टर ईगलला मात्र ०.२४ दिसलं तर उत्तर १७.४ आणि ०.२५ दिसलं तर १६.७, म्हणजे काट्याच्या शेवटच्या अंकावर तुमचा सगळा निकाल. लहान नाण्याला तीन दशांशांचा काटाच हवा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर दातेरी कडेला हवेचे बुडबुडे चिकटतात आणि चांगलं नाणं हलकं ठरतं.

आणि एवढं करूनही चाचणी फक्त धातू सांगते. गेल्या शतकाच्या मध्यात बैरूतकडे पाडलेली खोटी नाणी पुऱ्या टंचाच्या सोन्याची आहेत, कारण फायदा सोन्यात नव्हता, नाण्याच्या प्रीमियममध्ये, म्हणजे धातूच्या किमतीवरच्या जादा भावात होता. तिथे बघायचं ते वेगळं: काठाच्या दातांतून आत घुसलेले उंचवटे, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा येणारा तोच खळगा. एका कारागिराने तर १८८२च्या तीन डॉलरच्या नाण्यात 'लिबर्टी'मधल्या 'आर'च्या पोकळीत बारीकसा ओमेगा कोरून ठेवला आहे. सही केलेली चोरी. नाणं इतकं सुबक आहे की राग धड येत नाही.

आता २००८.

त्या वर्षी मार्चमध्ये सोनं हजार डॉलरला पोचलं होतं आणि सगळे हवेत होते, आम्हीही. एका मोठ्या व्यापाऱ्याने (नाव घेत नाही, त्याचं टेबल अजून प्रवेशद्वारासमोर असतं) अकरा क्वार्टर ईगल दाखवले. सगळे 'सी' आणि 'डी', सगळे रॉ, म्हणजे ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद प्लास्टिक डबीत, स्लॅबमध्ये, न घातलेले. त्यात १८५६चा 'डी' होता. हे नाणं पाडलंच ८७४ नग. त्याच वर्षी फिलाडेल्फियात पावणेचार लाखांहून जास्त क्वार्टर ईगल पाडले, ते कुठेही मिळतात. दोन्हींत फरक फक्त अक्षराचा, आणि भावात जमीन-अस्मानाचा. डॉक्टर त्या आठवड्यात आजारी होते. आम्ही हॉलमध्येच, ट्यूबलाइटखाली, पाकिटातूनच बघितलं. वजन बरोबर. व्यास बरोबर. घरी आणून पाण्यातही तोललं, तेही बरोबर. पैसे बँकेच्या उचलीतून दिले.

नाणी तपासून दर्जा ठरवायला, ग्रेडिंगला, पाठवली. पेटी परत आली तेव्हा सहा नाणी स्लॅबमध्ये होती. दोन घासलेली म्हणून ग्रेडशिवाय. तीन साध्या पाकिटात, शेरा: टांकसाळीचं अक्षर बदललेलं. १८५६ त्या तिघांत.

चूक कुठे झाली ते डॉक्टरांनी अंथरुणावरून सांगितलं, नाणं न बघता. "नाण्यावरच्या बाईचे केस कसे उठलेत?" आम्ही म्हटलं, सुरेख, एकेक बट दिसते. "मग ते डालोनेगाचं कसं असेल?" १८५६चा अस्सल 'डी' हा त्या टांकसाळीच्या सगळ्यात बोथट नाण्यांपैकी आहे. आमच्याकडचं नाणं तांबूस होतं, ठसठशीत होतं, आणि आम्ही त्यालाच भाग्य समजलो. वजन आणि टंच जुळणारच, कारण नाणं अस्सलच होतं, फिलाडेल्फियाचं. खोटं होतं ते मोहरीहून लहान अक्षर, दुसऱ्या कुठल्या नाण्यावरून कापून चिकटवलेलं. स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली दिवा आडवा धरला की अक्षराच्या मुळाशी केसाएवढी फट दिसते. अस्सल अक्षर चकतीच्याच धातूतून वर आलेलं असतं, त्याच्या पायथ्याशी पृष्ठभाग अखंड चढत जातो. चिकटवलेलं अक्षर भुईवर ठेवलेल्या पाटासारखं बसतं.

व्यापारी म्हणाला, "रॉ माल, बघून घेतलात, आता परत कसला?" वकिलाने पावती मागितली. पावतीवर लिहिलेलं होतं: अडीच डॉलर सोनं, अकरा नग. वर्ष नाही, अक्षर नाही. अकरा अडीच डॉलर त्याने दिलेच होते, सगळे सोन्याचे. वकिलाने पावती परत केली. तेव्हापासून आमच्या प्रत्येक पावतीवर, घेताना आणि देताना, नगागणिक वर्ष, अक्षर, वजन आणि 'अस्सल, अक्षरात वा पृष्ठभागात फेरफार नसलेलं, अन्यथा परत' हे वाक्य असतं. समोरचा त्यावर सही करायला कुरकुरला तर व्यवहार तिथेच थांबतो. तुम्हीही हेच करा. माणूस ओळखीचा असेल तर आवर्जून करा.

ऑक्टोबरात बँकेने उचल बंद केली आणि बाकी मागितली. सहा स्लॅब पडत्या बाजारात विकले. डॉक्टरांनी आपलं १८५४चं तीन डॉलरचं 'डी' लिलावात घातलं. तीन डॉलरचं नाणं १८८९ पर्यंत निघालं, पण डालोनेगात फक्त १८५४ला, ११२० नग. त्यांनी ते वीस वर्षं सांभाळलं होतं. त्यावर ते कधी काही बोलले नाहीत. आम्हीही फार विचारलं नाही, आणि त्याचं वाईट अजून वाटतं.

दुसरा हात दिला तो बसवाले काकांनी. आमच्या घरातलं नाव ते. पेनसिल्व्हेनियात शाळेची बस चालवायचे आणि डालोनेगाचे हाफ ईगल जमवायचे. १८३८ ते १८६१, वर्षाला एक, एकूण चोवीस. महिन्याच्या पाच तारखेला चेक, नाणं फिटेपर्यंत आमच्या तिजोरीत. चकचकीत नाण्याला ते हात लावत नसत. मळकट, खोलगटांत जुना तपकिरी थर बसलेलं, पण कुणी न छेडलेलं नाणं हवं असायचं. २००८च्या नोव्हेंबरात त्यांच्या नावावर ठेवलेल्या नाण्याचे सात हप्ते बाकी होते. ते एकदम देऊन गेले, नाणं घेऊन गेले, आणि पावतीवरचं नवीन वाक्य वाचून म्हणाले की हे आधीच असायला हवं होतं. खरं होतं.

२००९ ते २०१९ धंदा नीट चालला. २०१३ला सोनं घसरलं, सामान्य डबल ईगलचा प्रीमियम वितळला, आमच्याकडे ते फारसे नव्हतेच.

ते का नव्हते, हे सांगण्यासारखं आहे. नाणी किती पाडली ही संख्या भुलवते. बघायचं ते किती उरली आणि अजून कुठून निघू शकतात. अमेरिकी सरकारच्या एप्रिल १९३३च्या आदेशाने लोकांनी सोनं जमा केलं. संग्राहकांच्या दुर्मीळ नाण्यांना त्यात सूट होती, तरी बाकीचा ढीग वितळला. पण युरोपातल्या बँकांच्या तिजोऱ्यांतले डबल ईगल वाचले आणि पुढे कित्येक वर्षं पोत्यांनी परत येत राहिले. १८५७चा 'एस' डबल ईगल एकेकाळी कोऱ्या अवस्थेत मिळणं कठीण होतं. त्याच वर्षी बुडालेल्या सेंट्रल अमेरिका जहाजाचा माल वर काढला आणि पाच हजारांहून जास्त नग बाजारात आले. छोट्या दक्षिणी नाण्यांचं असं पोतं सापडण्याची शक्यता फार कमी. ती वापरातली नाणी होती, कुणी तिजोरीत थप्प्या लावून ठेवली नव्हती.

कुणी विचारलं नाही तरी साठवणीचं सांगून टाकतो. मऊ, वास येणारं प्लास्टिकचं पाकीट वापरू नका, त्यातला पीव्हीसी हिरवट चिकट थर सोडतो. तो निघतो: हार्डवेअरच्या दुकानातला शुद्ध ॲसिटोन (नेलपॉलिश काढायचा नव्हे, त्यात तेल आणि सुगंध असतो), काचेच्या दोन वाट्या, खिडकी उघडी, जवळ ज्योत नाही. पहिल्या वाटीत पाच मिनिटं, दुसरीत विसळणं, मग कडेवर उभं करून वाऱ्यावर वाळवणं. पुसायचं नाही. कापूस नाही, सुती धोतर नाही, बोट तर नाहीच. तांब्याचे तपकिरी ठिपके ॲसिटोनने जात नाहीत, ते तसेच राहू द्या. पोस्टाने पाठवायचं तर रजिस्टर्ड, आणि सगळ्या जोडांवर तपकिरी कागदी टेप. पोस्टाचा शिक्का प्लास्टिकच्या टेपवर उमटत नाही, खिडकीवरूनच पार्सल परत मिळतं.

बसवाले काकांचं चोविसावं नाणं, १८६१चा 'डी', २०१७ला मिळालं. पाडले होते १५९७. मागच्या बाजूला गरुडाच्या मानेशी छोटा ठोका आहे, त्यांनी तो भिंगातून बराच वेळ बघितला आणि भाव थोडा पाडून घेतला.

१८५६चं ते नाणं आम्ही विकलं नाही. डॉक्टर बरे झाल्यावर एका दुपारी ते ॲसिटोनच्या वाटीत ठेवलं. चाळीसेक मिनिटांनी अक्षर सुटून तळाशी गेलं. नाणं फिलाडेल्फियाचं म्हणून, पावतीवर सगळं लिहून, मोडीहून थोड्या वरच्या भावाने गेलं. 'डी' मायलारच्या पाकिटात टेबलाच्या खणात आहे. तीन दशांशांच्या काट्यावर ठेवलं तर शेवटचा अंक हलतो, मग पुन्हा शून्यावर येतो. उरलेल्या दोन नाण्यांची अक्षरं सोडवलेली नाहीत, नव्या मुलांना फट शोधायला देतो. दुकानात आलात तर मागा. सोमवारी बंद असतं.