चार खुंट्या आणि एक पावसाळा

आमचा जुना मांगर, म्हणजे सुपारी आणि अवजारं ठेवायची बागेतली शेड, १६ मे २०२१ च्या रविवारी गेला. तौक्ते चक्रीवादळाच्या वाऱ्याने पत्रे उचलले आणि पोफळींत नेऊन टाकले. वाळवलेली सुपारी भिजली, पावर टिलर उघड्यावर पडला. सासऱ्यांचं म्हणणं, वादळच तसं होतं. होतं खरं, पण मांगराची उघडी बाजू पश्चिमेला होती हेही तितकंच खरं. वारा आत शिरला की त्याला बाहेर पडायला वर पत्रेच मिळतात.

नवा मांगर बांधायचं ठरलं तेव्हा पुतण्याने अमेरिकेतल्या पोल बार्नचे व्हिडिओ दाखवले. पाया नाही, भिंती नंतर. नुसते खांब जमिनीत खोल गाडायचे आणि वर छप्पर. थंडीत तिथली जमीन गोठून फुगते आणि खांब वर ढकलते, म्हणून गोठण्याच्या थराखाली जायचं. आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात गोठत काहीच नाही. इथे खांबाला खातात ते पाणी आणि वाळवी.

मे महिन्यातच खड्डे मारायचे असा माझा आग्रह होता. शाळेला सुट्टी, मी मोकळी. मेस्त, म्हणजे बांधकाम करणारे मिस्त्री, आले, जागेवरून दोनदा फिरले आणि म्हणाले, "बाई, पयलीं उदक खंय वतलें तें पळयात." म्हणजे आधी पाणी कुठून जातं ते बघा. झालं. चार खुंट्या ठोकल्या, काथ्याची दोरी ओढली आणि एक अख्खा पावसाळा थांबलो. माझी चिडचिड झाली, ती लपवत नाही.

जुलैत एका दुपारी छत्री घेऊन तिथे उभी राहिले. वरच्या कोपऱ्यातल्या खुंटीवरून तीन बोटं पाणी वाहत होतं, लालभडक, चिऱ्याच्या मातीचं. मेमध्ये तीच जागा इतकी कोरडी की तिथे ओहोळ असेल हे सांगूनही पटलं नसतं. ठरलेल्या जागी बांधला असता तर तो ओहोळ थेट सुपारीच्या पोत्यांखालून गेला असता. आता मांगर अठरा फूट बाजूला सरकलाय आणि वरच्या अंगाला चर खणायचा आहे.

छपराच्या पाण्याचा हिशेब मी वहीत केला. ३२ बाय २४ फूट म्हणजे साधारण ७१ चौरस मीटर. १०० मिलिमीटर पाऊस पडला, आणि आमच्याकडे तो एका दिवसात सहज पडतो, तर सात हजार लिटरहून जास्त पाणी. दोन्ही पागोळ्यांखाली चिऱ्यांचं गटार हवंच, नाहीतर ते पाणी खांबांची मुळं उकरणार.

खांबांवरून मात्र भांडण झालं. जुन्या मांगराचे किंदळाच्या लाकडाचे खांब आम्ही उपटून पाहिले. जमिनीत गाडलेला भाग बरा, वरचा ठणठणीत. जमिनीलगत वीतभर पट्ट्यात कोयत्याचं टोक लोण्यात जावं तसं आत गेलं. ओल आणि हवा दोन्ही मिळतात तिथेच लाकूड कुजतं. म्हणून मी म्हटलं, काँक्रीटचा दीड फूट उंच पाया करू, वर लोखंडी प्लेट आणि तिच्यावर खांब. मेस्तांनी नकाराची मान हलवली. गाडलेल्या खांबाला जमीन धरून ठेवते. प्लेटवरचा खांब वाऱ्यात डोलतो, त्याला तिरके टेकू द्यावे लागतात. तेही दोन्ही दिशांना. खर्च वाढला, पण मी हटले नाही. उघडी बाजू आता पूर्वेला, पश्चिमेला पत्रा तीन फूट पुढे, आणि पत्रा ज्यांवर ठोकतात त्या पट्ट्या कडेला मधल्यापेक्षा कमी अंतरावर, कारण वारा कडेपासूनच उचलायला लागतो.

उंची ठरवताना मी पिकअप आणून उभा केला, वर गवताचे भारे रचून. कागदावर दहा फूट पुरेसे वाटत होते; भाऱ्यांसकट गाडी पाहिल्यावर बारा केले. खळ्याच्या जवळ असणं तितकंच महत्त्वाचं. सुपारी महिनाभराहून जास्त दिवस उन्हात असते, अवकाळी सर आली की ती पाच मिनिटांत आत ओढावी लागते.

कागदांचं सांगत बसत नाही. पंचायतीत पहिला प्रश्न एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या, उताऱ्याचा आला, त्यावर सासऱ्यांसकट तिघा भावांची नावं आणि धाकटे काका मुंबईला. सही मिळायला जितका वेळ लागला तितक्यात मांगर उभा झाला असता. हे काम सगळ्यात आधी धरा.

परवा मेस्तांनी नव्या जागेची आखणी केली. ३२ आणि २४, म्हणजे कर्ण बरोबर ४० फूट. दोन्ही कर्ण सारखे आले की चौकट गुण्यात, म्हणजे कोपरे काटकोनात. टेप धरून मी चिखलात उभी होते, दोन्ही ४० आले. काल सकाळी बघते तर शेजाऱ्यांच्या पाड्याने एक खुंटी दोरीसकट ओढत पोफळींपर्यंत नेली आहे. रविवारी पुन्हा टेप.