मामा तलावातील कवचधारी : श्रावण ते कार्तिक

आमच्या गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावातील सूक्ष्म कवचधारी प्राण्यांची नोंद मी श्रावणापासून ठेवत आहे. मात्र पहिले दोन महिने एका चुकीपायी वाया गेले. छपाईच्या दुकानातून आणलेल्या बारीक जाळीच्या कापडाची पिशवी मी पाळीवरूनच मोकळ्या पाण्यात फेकत असे, आणि दर वेळी मोइना (एक पाणपिसू) व डायप्टोमिड कोपेपॉड (वल्ह्यासारख्या पायांचे सूक्ष्म कवचधारी) एवढेच हाती लागत असल्याने या तलावात विविधता फारशी नाही, असे वहीत लिहूनही टाकले होते.

आश्विनात धानासाठी पाणी सुटले आणि काठ उघडा पडला, तेव्हा गुडघाभर पाण्यात उतरून हायड्रिला या पाणवनस्पतीची एक जुडी बादलीत झटकली. त्या बादलीतील थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवल्यावर कायडोरस व अलोना या पाणपिसवा, दोन शकलांचे कवच मिटून गाळात बसणारे ऑस्ट्राकोड आणि शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांची एकेक पिशवी बाळगणारी सायक्लॉप्स या दुसऱ्या कोपेपॉडची मादी, असे सगळे एकत्र दिसले. डायप्टोमिडच्या मादीला अशी पिशवी एकच असते, त्यामुळे नवख्यालाही हा भेद ओळखता येतो. सायक्लॉप्स हाच नारूच्या जंताचा वाहक. २००० मध्ये भारत नारूमुक्त घोषित झाला, तरी पाणी फडक्याने गाळण्याची सवय आमच्याकडील वडीलधाऱ्यांनी अजून सोडलेली नाही.

कार्तिकात काठाचे डबके आटू लागले, तशा मोइनाच्या काही माद्यांच्या पाठीवर गडद, खोगिरासारखी डबी दिसू लागली. तिच्यातील अंडी सुकलेल्या गाळात टिकून राहतात आणि पुढच्या पावसात फुटतात. पक्ष्यांच्या पायांना चिकटून दुसऱ्या तलावात पोहोचतात तीही अशीच. आमच्याकडील गोड्या पाण्यातील खेकड्याचे मात्र निराळे आहे. समुद्री खेकड्यांची डिंभके (अंड्यातून निघालेली कोवळी अवस्था) प्रवाहाबरोबर वाहत दूरवर पसरतात, तर भाद्रपदात बांधीच्या (धानाच्या खाचराच्या) धुऱ्यावर सापडलेल्या मादीच्या पोटाखालची झडप अलगद उघडून पाहिली, तेव्हा आत पूर्ण घडलेली, डोळे व नांग्या स्पष्ट दिसणारी पिल्ले एकमेकांना बिलगून होती. ही पिल्ले वाहत जाणारी नाहीत, चालत जाणारी आहेत. म्हणून धुरे आणि ओलसर पाट शाबूत असणे त्यांच्यासाठी अतिशय महत्त्वाचे आहे, असे माझे मत बनले आहे.

यापुढे प्रत्येक नमुन्यासोबत पाण्याची खोली आणि वनस्पतीचे नाव लिहीत आहे. काठावर जेथे केवळ बेशरम हे झुडपी तण माजले आहे, तेथील पहिला नमुना उद्या सकाळी घेईन.