तीसपैकी तीस

तीसपैकी तीस गुण मिळवलेल्या माणसाची स्मरणशक्ती पुन्हा कोणी तपासत नाही. हे काका माझ्यापर्यंत पोहोचले ते काकूंच्या हट्टामुळे. आधीच्या ओपीडीत दहा मिनिटांत 'वयानुसार नॉर्मल' असं लिहून मिळालं होतं. ती तीस गुणांची चाचणी १९७५ सालची. तिच्यात तीन शब्द लक्षात ठेवायचे, तेही जेमतेम काही मिनिटं. जन्मभर अभ्यासात राहिलेला माणूस तिच्यातून सहज पार होतो. तरी त्या एका कागदाच्या जोरावर घरच्यांना खोटं ठरवतात, याची मला चीड येते.

काका निवृत्त इंजिनिअर, राहणार कोथरूड. पासष्टीनंतर मोडी शिकले. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहीत जातात, शब्द तोडत नाहीत. कुठला शब्द कुठे संपला ते वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवायचं. काका पेशवाईतली पत्रं वाचायचे.

काकूंनी पिशवीतून त्यांची वही काढली. एकाच पत्राचं लिप्यंतर तीन ठिकाणी, तीन वेगळ्या तारखांना. तिन्ही व्यवस्थित. तिन्हींत एकाच शब्दाखाली पेन्सिलीची रेघ आणि समासात 'सरांना विचारणे'.

"दर वेळी म्हणतात, आज नवीन कागद लावला," काकू म्हणाल्या.

मी पंधरा शब्दांची यादी घेतली. ती पाच वेळा वाचून दाखवायची आणि दर वेळी आठवतील तितके शब्द विचारायचे. काका ५, ८, ११, १२, १२ असे चढत गेले, शब्दांचे गट पाडून, अगदी पद्धतशीर. मग लक्ष दुसरीकडे वळवणारी वेगळी यादी, आणि नंतर अर्धा तास. या अर्ध्या तासात शब्दांचं कामच द्यायचं नाही, नाहीतर भेसळ होते. आकृत्या काढायच्या, ठोकळे जुळवायचे, गप्पासुद्धा बेतानेच. लोकांना वाटतं, हा वेळ फुकट जातो. माझ्या लेखी सगळी चाचणी तिथेच असते.

"काका, मघाची यादी सांगा."

"कुठली यादी?"

दोन शब्द आले, त्यातला एक दुसऱ्या यादीतला. पर्याय पुढे ठेवले तरी ओळखता येईनात. आठवायला जड जात होतं असं नव्हे, आत काही टिकलंच नव्हतं. विसरायला लावू शकणारी बी-१२ आणि थायरॉइडची कारणं तपासली, दोन्ही ठीक. एमआरआयमध्ये दोन्ही बाजूंचे हिप्पोकॅम्पस, म्हणजे नव्या आठवणी टिकवणारे मेंदूचे भाग, इतके आक्रसलेले, की न्यूरोलॉजिस्टने फिल्मवरचं नाव पुन्हा वाचलं.

मेंदूचे अभ्यासक याकोव्ह स्टर्न यांनी 'कॉग्निटिव्ह रिझर्व्ह', म्हणजे मेंदूची राखीव ताकद, म्हणून जे मांडलं, ते माझ्यासमोर खुर्चीत बसलं होतं. शिक्षण, डोकं चालवायला लावणारं काम, छंद यांनी मेंदू इतका तरबेज होतो, की बिघाड सुरू झाल्यावरही बराच काळ निभावून नेतो. हैदराबादला न्यूरोलॉजिस्ट सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी डिमेन्शियाच्या (स्मृतिभ्रंशाच्या) ६४८ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांत आजार साडेचार वर्षं उशिरा दिसला होता, निरक्षरांतसुद्धा. पण अशा माणसांत लक्षणं दिसेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो, आणि पुढची घसरण अनेकदा वेगाने होते. हे सांगताना माझी जीभ अडखळते.

काकांनी विचारलं, "मग एवढं शिकून उपयोग काय झाला?"

"अशी फिल्म असूनही तुम्ही मोडी वाचताय, हाच."

मला हे मनापासून पटतं. तरी एक गोष्ट डोक्यातून जात नाही. काकूंची तक्रार दोन वर्षं जुनी. तेव्हाच कोणी अर्धा तास थांबलं असतं तर आजार टळला नसता, पण पुढचं काय ते ठरवायला काकांना दोन वर्षं जास्त मिळाली असती.

एका सहकाऱ्याचं मत पडलं, आता मोडी बंद करा, ताण नको. मला मुळीच मान्य नाही. मी वर्ग चालू ठेवायला सांगितलं, फक्त एकट्याने नाही. झालेला कागद तारीख घालून लगेच फायलीत. रोज चालणं, रक्तदाब, कानाची तपासणी. आणि सगळ्यात आधी मृत्युपत्र आणि बँकेची कामं.

काकूंनी सगळं लिहून घेतलं आणि खाली स्वतःसाठी एक ओळ वाढवली: मोडीचा प्राथमिक वर्ग, फी विचारणे. म्हणाल्या, "ह्यांनी कुठला कागद वाचलाय, ते मला कळायला नको?"