दोघांची टूरिंग गाडी: चुळबुळीच्या वहीतून

ऑक्टोबर

पुणे ते दिवेआगर जाऊन आलो, ताम्हिणीमार्गे. माणगाव यायच्या आत बायकोने तीनदा खांद्यावर थोपटलं. आमच्यात एक थाप म्हणजे ‘हळू घ्या’ आणि दोन म्हणजे ‘थांबा’. तिन्ही वेळा दोन होत्या. तिसऱ्या थांब्याला ती उतरली, रस्त्याकडेच्या कठड्याला दोन्ही हात लावून कमरेत वाकून उभी राहिली. तक्रार काहीच केली नाही. फक्त म्हणाली, “अहो, पाच मिनिटं द्या.”

माझी पाठ ठणठणीत होती. गाडी तीच, खड्डे तेच, तास तेवढेच. परतीच्या वाटेवर हाच विचार मला सोडेना. इतकी वर्षं गाडी चांगली की वाईट हे मी हँडलमागे बसून ठरवत आलो, आणि मागच्या माणसाचं मत कधी मोजलंच नाही.

नवी गाडी घ्यायचं आधीपासून चाललं होतं. आता ठरवलं, निवड मागच्या सीटवरून करायची. दोनशे पानी वही आणली. त्यात एकच आकडा लिहायचा: निघाल्यापासून किती मिनिटांनी तिने पहिल्यांदा जागेवर चुळबुळ केली. चुळबुळ झाली की ती सांगते, मी घड्याळ बघतो, पुढच्या चहाला नोंद. जुन्या दीडशे सीसीच्या गाडीवर पाच फेऱ्यांत हा आकडा सरासरी ३५ मिनिटांचा आला.

नोव्हेंबर, पहिला आठवडा

मित्राला गाडी चालवायला दिली आणि मी मागे बसलो. कात्रज ते भोर. ज्यांना दोघांसाठी गाडी घ्यायची आहे त्यांनी हे एकदा कराच, शोरूमला जायच्या आधी.

पहिली गोष्ट कळली ती अशी: समोरचं काही दिसत नाही. चालवणाऱ्याला गतिरोधक दिसतो, तो नकळत पायांवर भार घेतो, बूड हलकं करतो. मागच्याला धक्का बसतो तेव्हाच कळतं. दुसरी गोष्ट, आपण दोन चाकांच्या मध्ये बसतो, मागचा माणूस जवळजवळ मागच्या चाकाच्या आसावर बसतो. त्यामुळे मागच्या चाकाचा प्रत्येक दणका त्याच्याकडे सरळ येतो. आणि तिसरी, गिअर बदलताना क्लच जरा जरी घाईने सुटला की मागचं हेल्मेट पुढच्यावर आपटतं. कापूरहोळपर्यंत मी चार वेळा आपटलो. तिला हे किती वेळा झालं असेल! त्या दिवसापासून मी क्लच सावकाश सोडायचा सराव करतोय.

घरी येऊन शिंप्याच्या टेपने मापं घेतली. मागच्या सीटची रुंदी १९ सेंमी. सीटपासून मागच्या फूटरेस्टपर्यंत उभं अंतर ४१ सेंमी. हे दुसरं माप सगळ्यात महत्त्वाचं निघालं. अंतर कमी असलं की गुडघे वर येतात, गुडघे वर आले की माकडहाड मागे ढकललं जातं आणि कंबर गोल होते. ती जिथे हात ठेवून “इथे दुखतं” म्हणायची ती बरोबर तीच जागा. सीट मऊ करून हे दुखणं जात नाही.

मऊ सीटबद्दल नाना पेठेतल्या सीटवाल्या काकांनी डोळे उघडले. त्यांनी माझ्या सीटवर मूठ दाबली, ती खालच्या पत्र्याला टेकली. “दुकानात पाच मिनिटं बसायला ही छान. तासाभराने तुम्ही फोमवर नाही, पत्र्यावर बसलेले असता.” मग त्यांनी कडक फोमचा एक तुकडा दाबायला दिला. मूठ मध्येच अडली. तेव्हापासून प्रत्येक शोरूममध्ये मी आधी मूठ दाबतो, मग किंमत विचारतो.

नोव्हेंबर, शेवटचा आठवडा

या आठवड्यात एक रुपया खर्च न करता सगळ्यात मोठा फरक पडला, म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी मेन स्टँडवर, मागचं चाक अधांतरी. चाकाच्या आसापासून सरळ वर शेपटीच्या प्लास्टिकवर चिकटपट्टीची खूण केली, अंतर मोजलं. मग गाडी स्टँडवरून काढली, आम्ही दोघं जॅकेट, हेल्मेट, बॅगांसकट बसलो, मुलाने पुन्हा माप घेतलं. गाडी ६.२ सेंमी खाली बसली होती, याला ‘सॅग’ म्हणतात. मागच्या चाकाची एकूण चाल, म्हणजे चाक वर-खाली जास्तीत जास्त किती सरकतं ते, साधारण ११ सेंमी. म्हणजे निघायच्या आधीच अर्ध्याहून जास्त चाल संपलेली, खड्ड्यासाठी उरलं काय? दोघं आणि सामान धरून साधारण एक तृतीयांश चाल खाली बसली तर शॉकअपला काम करायला जागा राहते. आमची गाडी कायम एकट्याच्या सेटिंगवर होती.

टूलकिटमधला हुक पाना घेतला आणि दोन्ही बाजूंची स्प्रिंग दोन-दोन खाचा वर चढवली. दोन्हीकडे सारख्या, हे विसरू नका. आता गाडी ४.९ सेंमी खाली बसते. अजून जास्तच आहे, पण त्यापुढे खाच नव्हती. मागच्या टायरमध्ये चेनकव्हरवरच्या स्टिकरवर दोघांसाठी दिलेली हवा भरली. दोघं बसल्यावर मागे दबल्यामुळे हेडलाइट झाडांच्या शेंड्यांवर पडायचा, तोही खाली आला. आणि वहीतला आकडा: ३५ वरून ५१.

डिसेंबर

आता गाड्या. आमची मापं आधी देतो, कारण त्याशिवाय पुढचं वाचण्यात अर्थ नाही. मी ७८ किलो, ती ६३, सामान २० धरलं. एकूण १६१ किलो. ती पाच फूट एक इंच. दिवसाला अडीचशे-तीनशे किलोमीटर, बहुतेक घाट आणि कोकण.

रॉयल एनफिल्डच्या मीटिऑर ३५० वर ती सगळ्यात आनंदात चढली. सीटची उंची ७६५ मिमी, मागे पाठटेक, जमिनीपासून सगळं हाताशी. घाई नसलेल्या जोडीला ही गाडी मी बिनधास्त सुचवीन. आमच्यासाठी अडलं ते दोन ठिकाणी. ही क्रूझर आहे, आणि क्रूझरमध्ये चालवणाऱ्याचे पाय पुढे असतात, त्यामुळे खड्ड्यावर पायांवर उठता येत नाही, आणि मला ती सवय मोडायची नाही. दुसरं गणित: गाडी १९१ किलो, आम्ही १६१, एकूण ३५२ किलो आणि ताकद सुमारे २० पीएस (पीएस म्हणजे जवळजवळ हॉर्सपॉवरच). पसरणी घाटात चढावर एसटीला मागे टाकायचं असेल तर मला हाताशी थोडं जास्त हवं.

सुपर मीटिऑर ६५० ला ताकदीची चिंताच नाही, ४७ पीएस, सीट तर ७४० मिमीच. टूरर प्रकारात मागची सीट मोठी आणि पाठटेक मिळतो. पण २४१ किलो. आमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात, उताराला तोंड करून. ती गाडी मी रोज मागे ढकलू शकणार नाही, हे मी पार्किंगमध्ये उभं राहून स्वतःला प्रामाणिकपणे सांगितलं.

बजाजची डॉमिनार ४०० मला मनापासून आवडते. २०२१ पासून उंच काच, सामानाचं कॅरिअर, पाठटेक असं सगळं कारखान्यातूनच बसवून येतं. ४० पीएस. तिच्या गुडघ्यांना मात्र फूटरेस्टचं अंतर जमलं नाही. उंच माणसाचे गुडघे वेगळे, कमरेच्या सवयी वेगळ्या, तुम्ही बसून बघा. सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स १६७ किलोची, हाताळायला हलकी, ८३५ मिमीवर चढणं तिला नको वाटलं.

उरली रॉयल एनफिल्डचीच हिमालयन ४५०. सीट ८२५ मिमी, म्हणजे तिच्यासाठी ही पण उंचच. वजन १९६ किलो. आमच्यासकट ३५७, म्हणजे मीटिऑरपेक्षा पाचच किलो जास्त, आणि ताकद ४० पीएस, दुप्पट. चाकांची चाल पुढे-मागे २०० मिमी. टाकी १७ लिटर. मागे बसून तिने पाय फूटरेस्टवर ठेवले आणि पहिलं वाक्य, “गुडघे खाली राहतायत.”

चढण्याचा प्रश्न सोडवायला भाड्याने एक घेतली आणि दोन संध्याकाळी पार्किंगमध्ये फक्त चढ-उतार केली. गाडी सरळ, मी दोन्ही पाय रोवून, पुढचा ब्रेक दाबून. ती डाव्या फूटरेस्टवर पाय ठेवते आणि पूर्ण भार त्याच्यावर टाकायच्या आधी माझ्या उजव्या खांद्याकडे झुकते. झुकली नाही तर गाडी डावीकडे कलंडायला लागते, झुकली तर मला काहीच जाणवत नाही. आणि चढायच्या आधी ती विचारते, “येऊ?” मी “ये” म्हटल्याशिवाय पाय उचलत नाही. आता हा नियमच.

जानेवारी

तीच गाडी घेऊन पुणे, वाई, पसरणी, महाबळेश्वर, आंबेनळी उतरून पोलादपूर. स्प्रिंग निघतानाच दोघांसाठी कडक करून घेतली. वाईच्या पुढे पहिली चुळबुळ, ९४ व्या मिनिटाला. आंबेनळीच्या वळणांत मी थांबू का विचारलं तर म्हणाली, “कशाला? दरी बघू द्या की.” तीन महिन्यांत पहिल्यांदा तिने बाहेर काय दिसलं ते सांगितलं. पोलादपूरला वडापाव खाताना वही तिने माझ्याकडून घेतली आणि आकडा स्वतः लिहिला.

बुकिंग केलं. गाडी पुढच्या महिन्यात मिळेल.

पहिली ५०० किलोमीटरची सर्व्हिस होईपर्यंत लांब जाणार नाही, पण सॅगचं माप पहिल्याच दिवशी घेणार. बॅगा बसवताना साडीगार्ड आणि मागची पकड मी काढू देणार नाही; केंद्रीय मोटार वाहन नियमांत दोन्ही सक्तीचे आहेत आणि ओढणी चाकात जाताना मी एकदा डोळ्यांनी पाहिलंय. जड सामान खाली, बाजूच्या बॅगांत. टॉप बॉक्स, म्हणजे सीटमागची पेटी, चाकाच्या आसाच्या मागे लटकतो, हँडल हलकं होतं, म्हणून त्यात फक्त रेनकोट.

पाठटेकाचं एक अडलंय. मागच्या सीटच्या पुढच्या कडेपासून पाठटेकापर्यंत आम्हाला किमान ३० सेंमी हवेत. हिमालयन ४५० वर ज्यांनी पाठटेक बसवलाय त्यांनी टेप लावून एवढं माप सांगा, आणि मागच्या माणसाची उंचीही.