पुराच्या खुणा आणि लेव्हलची नळी

सोमवार, रात्री

नववीच्या जलसुरक्षेच्या तासाला आज एका मुलाने असा प्रश्न विचारला की, उत्तर माहीत असूनही ते वर्गाला पटेल असे मला देता आले नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती, हे सांगलीतल्या घराघरांत पाठ आहे. त्याचे म्हणणे एवढेच होते की, पुलाला 57 फूट पाणी होते तर त्यांच्या घरात ते कमरेइतकेच आणि त्याच गल्लीत खालच्या अंगाला राहणाऱ्या मावशीकडे मात्र माळ्यापर्यंत कसे? पुलाच्या खांबावरचे आकडे नदीच्या तळाकडून वर मोजत येतात आणि घरातले पाणी आपण फरशीपासून मोजतो, असे मी सांगितले. मुलांनी माना डोलावल्या. माना डोलावणे आणि समजणे यांतला फरक एवढ्या वर्षांच्या नोकरीनंतर तरी मला कळायला हवा, आणि आज तो कळला, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

ही मुले त्या पुराच्या वेळी दुसरी-तिसरीत होती. 2005 चा पूर त्यांच्या जन्माआधीचा. तो त्यांनी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकला आहे. 40 फूट म्हणजे इशारा आणि 45 फूट म्हणजे धोका, हे त्यांना पाढ्यांपेक्षा पक्के येते, कारण पावसाळ्यात घरातली मोठी माणसे सकाळी उठल्याबरोबर हाच आकडा विचारतात. तरीही आकडा आणि आपली भिंत यांचा संबंध काय, हे त्यांना कोणी दाखवलेले नाही. जलसुरक्षेच्या उपक्रमाची पाने एकमेकांचे पाहून भरली जातात, हे मी जाणते आणि आजवर त्याकडे काणाडोळाही केला आहे. या वेळी गावभागातल्या एका गल्लीत जाऊन पुराच्या खुणा मोजायच्या, असे ठरवले.

बुधवार

दिवस फुकट गेला, असे दुपारी वाटले होते. क्रीडा स्पर्धांच्या सरावामुळे निम्मा वर्ग मैदानावर होता. उरलेल्या बारा जणांना घेऊन शाळेच्याच आवारात सराव केला. दोन लांबच्या जागा एकाच पातळीत आहेत की नाहीत, हे पाहण्यासाठी पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोके दोन ठिकाणी धरायची. दोन्हीकडचे पाणी सारख्याच उंचीवर थांबते. पुस्तकात हे चार ओळींत उरकते. आमचे पाणी मात्र दर वेळी वेगळे उत्तर देत होते आणि मुख्याध्यापकांच्या खोलीची पायरी एकदा व्हरांड्याच्या वर, तर एकदा खाली निघत होती.

एका मुलीचे वडील गवंडी आहेत. ती म्हणाली, "बाई, पप्पांना बोलवू का?" मधल्या सुट्टीनंतर ते सायकलवरून आले, नळी हातात घेतली आणि उन्हाकडे धरून म्हणाले, "हवा राहिलीय बघा आत." मधोमध मुगाएवढा बुडबुडा होता. त्यांनी नळी जमिनीवर सरळ पसरली, एक टोक हळूहळू उचलत बुडबुडा बाहेर काढला, पाणी नीट दिसावे म्हणून त्यात चिमूटभर हळद टाकायला सांगितली, आणि टोकावर अंगठा ठेवून चालायचे, पण वाचन घेताना दोन्हीकडचे अंगठे काढायचे, हेही दाखवले. मी एवढी वर्षे विज्ञान शिकवते आहे. अंगठ्याची गोष्ट मला ठाऊक नव्हती. जाताना त्यांनी स्वतःची चांगली लांब नळी रविवारपर्यंत वापरायला दिली आणि मुलीला बजावले की, हिला वाटेत पीळ पडता कामा नये.

शनिवार, रात्री उशिरा

सकाळची शाळा सुटल्यावर आम्ही गल्लीत पोहोचलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. गल्ली नदीच्या दिशेने उतरत जाते, पण रोज चालणाऱ्याला तो उतार जाणवत नाही. गल्लीच्या वरच्या टोकाला एक पिंपळाचा पार आहे. त्याच्या सर्वांत खालच्या पायरीची वरची कड हा आमचा शून्य, असे मुलांनी ठरवले. शून्य आपणच ठरवायचा असतो आणि एकदा ठरवला की दिवसभर बदलायचा नसतो, यावर त्यांच्यात बराच वाद झाला. मी मध्ये पडले नाही.

प्रत्येक घरी दोन मोजमापे घ्यायची होती: खूण फरशीपासून किती उंच आहे आणि पाराच्या पायरीपासून किती उंच आहे. वरच्या टोकाच्या घरात 2019 ची खूण फरशीपासून जेमतेम 3 फुटांवर होती, मधल्या घरात साडेपाच फुटांवर, आणि मावशीच्या घरात 8 फूट 2 इंचांवर, अगदी माळ्याच्या फळीला लागून. मग नळी लावली. पायरीपासून मोजल्यावर हीच खूण 5 फूट 1 इंच, 5 फूट आणि पुन्हा 5 फूट 1 इंच अशी आली. सोमवारी प्रश्न विचारणारा मुलगा वहीतल्या तीन आकड्यांकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे पाणी सगळीकडे एकच होतं. घरं खाली-वर आहेत." सोमवारी मी जे वाक्य बोलले होते, ते आज त्याचे झाले.

त्याहून मोठी गंमत 2021 च्या खुणांनी केली. त्या वर्षीच्या जुलैमध्ये पुलाजवळची पातळी जवळपास 55 फुटांपर्यंत गेली होती. ज्या घरांत दोन्ही वर्षांच्या खुणा होत्या, तिथे त्या दोहोंमधले अंतर अडीच फुटांच्या आसपास निघाले, वरच्या घरातही आणि खालच्याही. पुलावरच्या दोन आकड्यांतला फरक स्वयंपाकघराच्या भिंतीवर सापडतो, हे कळल्यावर मुले न सांगता पुढच्या घराकडे धावली.

गल्लीतल्या एका आजींनी आम्हाला ओट्यावर बसवून शेंगदाणे दिले आणि एक धडा दिला, जो कोणत्याही पुस्तकात इतका नेमका नाही. "पाणी दारातनं येत नाही बाळांनो, आधी मोरीतनं येतं. मोरी बुडबुडायला लागली की आम्ही धान्य वर चढवतो." पुढे त्या म्हणाल्या की, एकट्या कोयनेचे पाणी सोडले तर फारसे भय नसते, वारणाही फुगली की कृष्णेला पुढे जायला वाटच राहत नाही. वारणा सांगलीच्या खाली, हरिपूरला कृष्णेला मिळते. संगमावरचा हा फुगवटा भूगोलाच्या सरांनी गेल्या महिन्यात नकाशावर दाखवला होता, पण त्याचा अर्थ मुलांना आज मोरीच्या तोंडाशी समजला. हरिपुरात हळद साठवण्याची जमिनीतली पेवे होती आणि 2005 च्या पुरात त्यांतली बरीच निकामी झाली, हेही आजींनी सांगितले. त्यांच्या माहेरची हळद तिथेच असे.

आता माझ्या चुकीविषयी. एका घरात 2019 ची खूण पायरीपासून साडेसहा फूट निघाली. बाकी सगळ्यांच्या आकड्यांहून दीड फुटाने जास्त. आम्ही दोनदा मोजले, बुडबुडा नव्हता. दोन वाजत आले होते, मुलांना भूक लागली होती आणि मला तक्ता नीटनेटका हवा होता, म्हणून मी सांगितले, "मोजण्यात काहीतरी चुकले असेल, हे घर गाळून टाका." गवंड्याची मुलगी म्हणाली, "बाई, आपलं चुकलेलं नाही." तिच्या स्वरात उद्धटपणा नव्हता, पण मी तो ऐकला, आणि विषय तिथेच मिटवला. परतताना ती नळी गुंडाळत सगळ्यांच्या मागे चालत होती.

रविवार

सकाळी साडेनऊला ती वडिलांबरोबर दारात उभी. दोघे कालच्या त्या घरी जाऊन आले होते. घरमालक काकांनी सांगितले की, पुरानंतर त्यांनी खोलीत भर घालून फरशी दीड फूट उचलून घेतली आणि भिंतींना नवा गिलावा केला. जुनी खूण त्यात गेली. पुढे मुलाने हौसेने रंगाची रेघ मारायची म्हटल्यावर काका नव्या फरशीवर उभे राहिले आणि छातीला हात लावून म्हणाले, "इथपर्यंत होतं." पाणी त्यांच्या छातीपर्यंत होते, हे खरेच, पण त्या वेळी त्यांच्या पायाखाली जुनी फरशी होती. गिलावा सहसा कुठून सुरू करतात, हे ठाऊक असल्यामुळे वडिलांनी मोरीच्या कोपऱ्यात जुन्या फरशीची कड शोधून मुलीला दाखवली. तिने तिथे पट्टी लावून मोजले: 1 फूट 6 इंच.

मी तिची क्षमा मागितली. ती लाजली आणि वडील माझ्याकडे न पाहता नळीची गुंडाळी तपासू लागले. चहा घेताना त्यांनी सांगितले की, पुरानंतर कित्येक घरांच्या फरशा त्यांनी स्वतः अशा उचलून दिल्या आहेत, आणि गल्लीत सगळ्यांनी मिळून जमीन वर नेली तर पुढच्या पुराचे पाणी जाणार कुठे, हा विचार त्यांच्या मनात तेव्हापासून आहे. या प्रश्नाला माझ्याकडे सोमवारच्यासारखे घाईचे उत्तरही नव्हते. मुलीने तो वहीत लिहून घेतला.

तक्ता आता तसा नीटनेटका राहिलेला नाही. त्या घराचा आकडा साडेसहा फूट असाच ठेवला असून पुढच्या रकान्यात तिने आपल्या अक्षरात लिहिले आहे: "फरशी नंतर उचलली. खूण आठवणीवरून." उद्याच्या परिपाठात हा तक्ता तीच वाचून दाखवणार आहे. मुख्याध्यापकांनी पाच मिनिटे दिली आहेत, मला दहा मागायची आहेत. सहामाहीच्या पेपरांचा गठ्ठा तसाच पडून आहे. नळी वडील घेऊन गेले. उद्या आठ वाजता विश्रामबागेत त्यांचे जोत्याचे काम सुरू होते आहे.