नानांचा जबाब

नोव्हेंबर महिना आला की आमच्या बँकेच्या अमळनेरच्या ब्रँचमध्ये पाय ठेवायला जागा नसते. हयातीचे दाखले. ट्रेझरीकडून यादी येते, त्यात नावासमोर सही करायची, आणि मिलिटरीवाल्यांचं आता स्पर्श नावाच्या ऑनलाइन पेन्शन सिस्टीमवर गेलंय म्हणून त्यांचं जीवन प्रमाण म्हणजे ऑनलाइन हयातीचा दाखला काढायचा, त्यात निम्म्या म्हाताऱ्यांचे अंगठे मशीन घेतच नाही कारण आयुष्यभर शेतात राबून रेषाच राहिल्या नाहीत, मग मोबाईल तोंडासमोर धरून डोळे मिचकवा बाबा, डोळे मिचकवा. पेन्शनचं काउंटर माझ्याकडे आहे त्यामुळे हा महिना माझा असाच जातो.

या सगळ्या गोंधळात आमचा एक बिनपगारी माणूस होता. नाना. दोन पेन्शनवाले. आधी फौजेत, मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन म्हणजे जंगी पलटन, तिथून 17 वर्षांनी हवालदार म्हणून बाहेर पडले, मग माजी सैनिक कोट्यातून जळगाव जिल्हा पोलिसात लागले ते 2007 ला सहायक फौजदार म्हणून रिटायर झाले. नोव्हेंबरभर सकाळी दहाला येऊन पाण्याच्या कूलरजवळच्या बाकावर बसायचे आणि सगळ्यांचे फॉर्म भरून द्यायचे. अक्षर असं की प्रिंट वाटावं. आम्ही चहा सांगायचो तोही स्वतःच्या पैशाने प्यायचे, हा माणूस सरळ होता पण थोडा तुसडा पण होता, खरं सांगायचं तर. फॉर्मवर कोणी खाडाखोड केली की फाडून टाकायचे आणि नवीन आणायला लावायचे.

2024 च्या नोव्हेंबरात बाक रिकामा. पहिले दोन दिवस कोणाच्या लक्षात आलं नाही. मग भडगावकडचे एक पेन्शनर विचारत होते, "नाना कोठे शे वो मॅडम?" आणि मागच्या लायनीतून एक आजी पुढे आल्या, नानांच्या पत्नी, सोबत कॉलेजातली नात, हातात जाड पिवळी फाईल. "त्या गयात ना भाऊ," म्हणाल्या, "दिवाळीना आधीच गयात." पूर्ण लाईन गप्प झाली. मग मला म्हणाल्या, "बेटा, यास्नी सगळं लिखी ठेयेल शे, तू फक्त देखी ले."

आता हे वाक्य मी रोज ऐकते, सगळं आहे मॅडम, सगळं आहे, आणि मग पिशवीतून निघतं रेशन कार्ड आणि लाईट बिल. फौजी विधवांच्या केसमध्ये तर नावावरच गाडी अडते. डिस्चार्ज बुकात एक नाव, आधारवर दुसरं, जन्मतारीख कुठेच नाही, लग्नाची नोंद पलटणीत लागलेलीच नाही, मग ॲफिडेव्हिट करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहा, यात वर्ष जातं.

नानांची फाईल मी उघडली तर ती चार्जशीटसारखी लावलेली. वर अनुक्रमणिका, प्रत्येक कागदाला लाल पेनाने पान नंबर. दोन्ही पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचे आदेश, जोडीने काढलेला फोटो, डिस्चार्ज बुकची कॉपी. आजींच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी आय आणि एका ठिकाणी डबल ई होतं, ते त्यांनी रिटायर झाल्यावर स्वतः बेळगावला जाऊन पार्ट टू ऑर्डर काढून दुरुस्त करून आणलं होतं, ती ऑर्डर पान नंबर 9. खातं आधीच दोघांच्या नावावर, आयदर ऑर सर्व्हायव्हर, म्हणजे एक गेलं तरी दुसऱ्याला चालवता येतं. आणि पान 14 वर 17 जानेवारी 2013 च्या संरक्षण मंत्रालयाच्या पत्राची झेरॉक्स. फौजेतून येऊन सिव्हिलमध्ये लागलेला माणूस गेला की बायकोला आधी एकच फॅमिली पेन्शन घेता यायची, मिलिटरीची नाहीतर सिव्हिलची. 24 सप्टेंबर 2012 पासून दोन्ही मिळतात. आजही कितीतरी बायकांना हे माहीत नाही, आणि (आमच्याच लोकांबद्दल बोलायचं तर) काउंटरवरच्या पण कितीतरी लोकांना माहीत नाही. नानांनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली होती आणि बाजूला लिहिलं होतं, "वाद घालू नये, हे दाखवावे."

सगळ्यात शेवटी फुलस्केप कागदावर हाताने लिहिलेला जबाब. हो, जबाबच. "मी, सेवानिवृत्त सहायक फौजदार, वय 74 वर्षे, धंदा शेती व पेन्शन, कोणीही विचारले नसताना समक्ष जबाब लिहून देतो की," आणि पुढे आख्खं आयुष्य पोलिसी भाषेत. भरती 1968. चोपड्याला रायटर होते, पारोळ्याला ठाणे अंमलदार होते, कानबाईच्या (आमच्या खान्देशातला सण) बंदोबस्तामुळे घरच्या कानबाईला कधी बसले नाहीत, "सबब पत्नीची तक्रार रास्त आहे." मधेच एक ओळ, "सन 1971 चे डिसेंबर महिन्यात मी जमालपूर येथे हजर होतो. त्याबाबत अधिक काही सांगणे नाही."

मी म्हटलं हे जमालपूर काय, तर लायनीतले एक जुने फौजी पुढेच आले, त्यांना राहवलं नाही. आत्ताच्या बांगलादेशात आहे ते. पाकिस्तानची 31 बलुच तिथे मोर्चे धरून बसली होती आणि आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी एका स्थानिक माणसाच्या हाती पत्र पाठवलं की सरेंडर करा. उत्तर आलं ते कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून, आणि आत लिहिलेलं की पुढच्या वेळी हातात पेनऐवजी स्टेनगन घेऊन भेटा, असं काहीतरी. 10 डिसेंबरच्या रात्री ते लोक वेढा फोडून निघायला लागले आणि थेट आले जंगी पलटनच्या तोंडासमोर. सकाळी जमालपूर पडलं. पलटनचे कमांडिंग ऑफिसर होते कर्नल ब्रार, तेच पुढे सुवर्णमंदिरातल्या ऑपरेशन ब्ल्यू स्टारवाले. हे सांगून ते फौजी हसले आणि म्हणाले, "आन् नाना बठना जनमभर पेन लिसन." म्हणजे नाना बसले जन्मभर पेन घेऊन.

तेवढ्यात नानांसोबत पारोळ्याला असलेले एक रिटायर्ड कॉन्स्टेबल पण बोलायला लागले. म्हणे गावाकडचा माणूस घाबरून काहीही सांगतो आणि रायटर शुद्ध मराठीत काहीतरी भलतंच लिहून मोकळा होतो, मग कोर्टात तोच माणूस म्हणतो मी असं बोललोच नाही आणि केस झोपते. नाना लिहून झालं की पूर्ण जबाब अहिराणीत परत सांगायचे, हा बोलनास का तू असं? नही? मग परत लिहू. साहेब वैतागायचे, रात्रीचे दोन वाजायचे, पण नाना हलायचे नाहीत.

मी शेवटची ओळ बघितली. "हाच माझा जबाब, मी स्वतः वाचून पाहिला, माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे." खाली सही नाही. मी म्हटलं आजी यावर नानांची सही राहिली. तर कॉन्स्टेबल काका म्हणतात, "मॅडम, 161 च्या जबाबावर सही घेत नसतात, कायद्यातच नाही." 161 म्हणजे पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबाचं जुनं कलम. त्याच वर्षी जुलैपासून सीआरपीसी म्हणजे जुना फौजदारी प्रक्रिया कायदा जाऊन नवीन कायदा आला, कलमांचे नंबर बदलले, पण काकांसाठी अजून 161 च.

त्या जबाबाचा बँकेला काही उपयोग नाही, तो मी आजींना परत दिला. देताना नात म्हणाली, मागे पण बघा. मागे लिहिलं होतं, "बँकेत खिडकी नंबर दोनवरील बाईंकडेच जावे. कामाला बऱ्या आहेत, परंतु घाई करतात, तरी पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये." मॅनेजरसकट सगळे हसले माझ्यावर. पोच मी लिहून दिली, शिक्का मारून, तारीख टाकून, आणि आजींनी ती नातीकडून दोनदा वाचून घेतली मगच उठल्या.

ट्रेझरीची फॅमिली पेन्शन आधी सुरू झाली, शेवटच्या बेसिकच्या 30 टक्क्याने, आणि प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन ऑफिसकडून मिलिटरीची नंतर. एकही क्वेरी आली नाही. माझ्या टेबलावरून गेलेल्या फाईलबाबत असं फार कमी वेळा होतं.

कूलरजवळचा बाक आता एटीएमच्या लायनीत हलवलाय. फॉर्म भरायला कोणी नाही, ज्याला त्याला मीच भरून देते आणि वरून साहेब विचारतात, मॅडम एका माणसाला एवढा वेळ का लागतो.