‘टंचाई’च्या खणात सापडलेला प्रबंध

एम.ए.च्या प्रबंधिकेसाठी मी १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला आणि पाझर तलावांच्या कामावर गेलेल्या स्त्री-मजुरांचा विषय घेतला होता. पूर्वसंशोधनाच्या आढाव्यासाठी मार्गदर्शक मॅडमनी दोन महिने ठरवून दिले होते. मला साडेतीन महिने लागले आणि त्यातले सात आठवडे एका विद्यापीठाच्या ग्रंथालयातील एकाच प्रबंधापायी गेले. त्याची चीड अजून गेलेली नाही.

छापील साहित्य सहज मिळाले. ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’चे जुने अंक जेस्टोर या ऑनलाइन संग्रहात आहेत, व्ही. सुब्रमण्यन यांचे महाराष्ट्रातील याच दुष्काळावरचे १९७५चे ‘पार्च्ड अर्थ’ हे पुस्तक महाविद्यालयातच होते, आणि महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७चा असला तरी त्याची अंमलबजावणी २६ जानेवारी १९७९पासून झाली, हे टिपून ठेवल्यामुळे कोणता लेख कायद्यापूर्वीच्या योजनेबद्दल बोलतो आणि कोणता नंतरच्या, हे वेगळे करता आले. शोध घेताना वर्षमर्यादा २००५च्या आधीची घालावी, नाहीतर केंद्राच्या २००५च्या रोजगार हमी कायद्यावरचे लेख एवढे येतात की जुने साहित्य त्यात बुडून जाते.

अडले ते ऐंशीच्या दशकातील एका अप्रकाशित पीएच.डी. प्रबंधापाशी. चार लेखांनी त्याचा हवाला दिलेला होता, म्हणून तो न पाहता पुढे जाणे मला पटेना. ‘शोधगंगा’ या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात तो नव्हता. प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत देण्याचा विद्यापीठ अनुदान आयोगाचा नियम २००९मध्ये आला; त्याआधीचे प्रबंध संबंधित विद्यापीठाने स्कॅन करून चढवले असतील तरच तिथे दिसतात. त्यामुळे प्रत्यक्ष जाण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पहिल्या फेरीत कळले की विभागप्रमुखांचे शिफारसपत्र लागते. ते घेऊन गेले, तर खिडकीतल्या बाईंनी पत्र उलटसुलट पाहून परत केले: “यावर जावक क्रमांक नाही, मॅडम. असं पत्र आम्हाला घेता येत नाही.” त्या क्रमांकासाठी आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयात चार दिवस गेले. तिसऱ्या फेरीला प्रबंध विभागाचे प्रमुख रजेवर होते आणि कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच होती. चौथ्या फेरीला पत्र स्वीकारले गेले, संगणकावर शीर्षक टाकले गेले आणि “असा प्रबंध आमच्या नोंदीत नाही” असे उत्तर मिळाले. महिनाभर माझ्याकडून कागद मागत राहिलेल्या माणसांपैकी एकालाही हे पहिल्याच दिवशी तपासावेसे वाटले नव्हते, याचा मला मनस्वी संताप आला.

परतीच्या एस.टी.त टिपणवही चाळताना एक नोंद दिसली. महाराष्ट्राने १९६३मध्ये कायदा करून राज्यातील कायद्यांमधून ‘फॅमिन’, म्हणजे दुष्काळ, हा शब्दच काढून टाकला होता आणि त्याच्या जागी ‘स्कॅरसिटी’, म्हणजे टंचाई, हा शब्द आणला होता. सरकारी कागद त्याच शब्दाने बोलत असताना त्या काळच्या संशोधकानेही तोच वापरला असेल, अशी शंका आली. पाचव्या फेरीला मी संगणकाचा नाद सोडून जुन्या कार्डांचे खण उघडू देण्याची विनंती केली. ‘एस’च्या खणात, कडा पिवळ्या पडलेल्या एका कार्डावर, टंकलिखित नाव आणि निळ्या शाईतला दाखल क्रमांक होता. शीर्षकाचा पहिला शब्द ‘स्कॅरसिटी’. चारही लेखांत मात्र ‘फॅमिन’ छापले होते. एकाची चूक बाकीच्यांनी मूळ प्रत न उघडता उतरवून घेतली, याशिवाय दुसरा अर्थ मला लावता येत नाही. म्हणून जुन्या प्रबंधाचा शोध केवळ शीर्षकाने घेऊ नये. लेखकाचे आडनाव, वर्ष आणि त्या काळचा सरकारी शब्द, तिन्ही लावून पाहावेत.

झेरॉक्सला आणि छायाचित्राला मनाई होती, त्यामुळे दोन दिवस बसून हाताने उतरवून घेतले. लेख ज्या वाक्याचा हवाला देतात ते निष्कर्षात नसून एका तळटीपेत होते आणि ते तीन गावांपुरतेच होते. आढाव्यात मी ही मर्यादा स्पष्ट नोंदवली आणि त्याचा मला अभिमान वाटतो. परिशिष्टात मराठी प्रश्नावली होती. तिच्यात ‘कामावर असताना मूल कोण सांभाळते?’ हा प्रश्न मागाहून पेन्सिलीने वाढवलेला होता. कोणत्याच लेखात त्याचा उल्लेख नाही.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती. विभागप्रमुखांच्या पत्रावर केवळ एका प्रबंधाचे नाव घालून घेऊ नका, ‘विषयाशी संबंधित प्रबंध’ असे लिहून घ्या, आणि जावक क्रमांकासह त्याच्या दोन प्रती काढा. माझ्या पत्रावर ‘फॅमिन’ होते. कार्डावरचे शीर्षक त्याच्याशी जुळेना म्हणून प्रबंध हातात पडण्यापूर्वी मला नवे पत्र आणावे लागले, आणि ती सहावी फेरी होती.